यादीतली अडतीस

खोकं बुटांचं होतं. किराणा सामानाच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून त्यांत ते गुंडाळलेलं होतं, आणि वर इतकी चिकटपट्टी मारलेली होती की पाठवणाऱ्याचा टपालखात्यावर काडीचाही विश्वास नसावा. बर्नडेट गापिन्स्कीनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, अंगातला कोटही न काढता बटाटे सोलायच्या सुरीनं एका कडेनं चिरलं आणि आत पाहिलं. बेसबॉलची कार्डं. बबलगमच्या पाकिटातून निघायची ती, तळहाताएवढी, पुढं खेळाडूचा फोटो आणि मागं त्याच्या धावांचे आकडे. पाच-पाचाचे गठ्ठे करून मऊ कागदात बाळासारखे लपेटलेले. वर चिठ्ठी होती. "मित्रा बर्नी," एलवुड स्कॅग्जनं आपल्या तिरप्या, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "तू कसा आहेस? तुला काय काय हवंय त्याची यादी अकरा वर्षं माझ्या आरशाला खोचलेली आहे. दाढी करताना रोज वाचतो. आता कंटाळलो. उरलेली सगळी यात आहेत. बदल्यात काही पाठवलंस तर जसंच्या तसं परत करीन. संच पुरा कर आणि सुखानं झोप. तुझा, एलवुड." तिनं गठ्ठे सोडले, कार्डं टेबलावर ओळीनं मांडली आणि मोजली. अडतीस. तिच्या यादीवरही बरोबर अडतीसच राहिली होती. कोपरे शाबूत, रंग ताजे, एकावरही दुमड नाही. यातली चार-पाच तर अशी होती की त्यांच्यासाठी माणसं शंभर-शंभर मैल गाडी हाकत जातात. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती कोटासकट खुर्चीत बसली.

बर्नी घाबरट बाई नव्हती. एक्केचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, चार वर्षं टिकलेलं एक लग्न मागं टाकून आलेली. मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायची तिची नोकरी. चौदा वर्षं ती लोकांच्या तळघरांत उतरत होती. वर दिवाणखान्यात लोक काय मांडतात ते पाहुण्यांना माहीत असतं. खाली काय ठेवतात ते बर्नीला ठाऊक होतं. खारवलेल्या कोबीची पिंपं, मोडलेले पाळणे, नाक उडालेल्या मेरीमातेच्या मूर्ती, मेलेल्या नवऱ्यांचे गमबूट. कुत्री तिच्यावर भुंकत नसत. दारू प्यायलेले बाप्ये तिच्याशी अदबीनं वागत. कुठल्या घरात कुठली पायरी निखळलेली आहे ते तिच्या पायांना अंधारातही कळायचं. असं पक्कं पाऊल असलेल्या बाईला बुटांच्या खोक्यानं खुर्चीत बसवावं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं आणि थोडा रागही आला. राग एलवुडचा. कुणी सांगितलं होतं याला? केंटकीतल्या पडूका गावी नदीकाठी राहणारा, बोटीवरून निवृत्त झालेला हा म्हातारा तिनं कधी पाहिलेला नव्हता. सत्त्याहत्तर साली तिनं छंदिष्टांच्या वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरात दिली, खाली 'बर्नी गापिन्स्की' अशी सही केली, पुरुषालाही चालेल अशी, आणि याचं पत्र आलं, 'मित्रा' म्हणून. तिनं दुरुस्त केलं नाही. पहिल्यांदा आळसानं, मग गंमत म्हणून, आणि मग फार उशीर झाला म्हणून. महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून दोन कार्डं यायची, इकडून दोन जायची. हिशेब नेहमी सरळ. असं चाललेलं तिला हवं होतं. आणखी वीस वर्षं चाललं असतं तरी हवं होतं, आणि हे वाक्य मनात पुरतं उमटल्यावर मात्र ती उठली आणि तिनं कोट काढला, कारण आता स्वतःपासून लपून बसण्यात अर्थ नव्हता.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात ती अकरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ रोमन चौदाचा. आदल्या शरद ऋतूत मिलवॉकीचा संघ देशात अजिंक्य ठरला होता आणि गावातलं लहानथोर सगळं वेडं झालं होतं. रोमननं त्या वर्षीचा अख्खा संच जमवला होता, चारशेच्या वर कार्डं. त्यासाठी वर्तमानपत्रं टाकली होती, शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसला होता, आणि दात किडेपर्यंत बबलगम चघळला होता. जूनमध्ये त्याला मामाच्या गोठ्यावर कामाला पाठवलं. वडील दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. घरात एक तोंड कमी झालं तर आईला हवंच होतं. जाताना त्यानं खोकं बर्नीच्या हातात दिलं. "सांभाळ. उघडू नकोस," म्हणाला. तिनं दहा दिवस खरोखरच उघडलं नाही. चामड्याच्या कारखान्यामागं मोकळी जागा होती, तिथं पोरं खेळायची. पोरींनी कुंपणापलीकडं गेलेला बॉल आणून द्यायचा, एवढंच त्यांचं काम. बर्नी बॉल आणायची आणि परत फेकायची, आणि तिचा फेकलेला बॉल पोरांच्या हाताला झोंबायचा, हे फक्त तिला आणि त्यांना माहीत होतं. अकराव्या दिवशी तिनं नॉर्बर्ट कुक्लिन्स्कीला एक कार्ड दाखवलं, कुणा राखीव गोलंदाजाचं, आणि म्हणाली, "एक पाळी." नॉर्बर्टनं कार्ड उजेडात धरलं, वास घेतला, आणि बॅट तिच्याकडं फेकली. एका पाळीला एक कार्ड. आधी नावं नसलेले गेले, मग नावं असलेले. ऑगस्टच्या शेवटी खोक्यात तळाचा पुठ्ठा तेवढा उरला. आणि बर्नीच्या हातात एक गोष्ट आली, जी पुढं कधी गेली नाही. पाय रोवून उभं राहायचं आणि येणाऱ्या बॉलकडं डोळे न मिटता बघायचं. आज ती ज्या पावलांनी तळघरांत उतरायची ती पावलं तिथं तयार झाली होती. हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो उन्हाळा तिला धड पश्चात्तापही करू द्यायचा नाही. तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उन्हाळा होता.

सप्टेंबरात रोमन परत आला, उन्हानं भाजलेला, हाताला शेणाचा वास, आणि बॅगही खाली न ठेवता म्हणाला, "खोकं कुठंय?" आई चुलीपाशी पिएरोगी, बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, परतत होती. बर्नीच्या तोंडून आलं ते तिनं आधी ठरवलेलंसुद्धा नव्हतं. "तळघरात पाणी शिरलं होतं. आईनं टाकून दिलं." आईची पाठ तिच्याकडं होती. त्या पाठीकडं बर्नी आयुष्यभर बघत आली. फिकट निळा झगा, खांद्यांच्या मधोमध घामाचा डाग, आणि उलथणं हवेत थांबलेलं. एक, दोन. मग आई न वळता म्हणाली, "लगदा झाला होता सगळा. मीच टाकली." रोमन रडला नाही. तो म्हणाला, "तुला कशाचीच किंमत नाही. म्हणूनच बाबा गेले." आईनं पुढची पिएरोगी उलटली. तेल चुरचुरलं. बस, एवढंच झालं. नंतर काही वर्षांनी ती गोष्ट विनोदी झाली. देशातल्या प्रत्येक बाप्याची तीच गोष्ट होती ना! मी सैन्यात गेलो, मी कॉलेजात गेलो, आणि आईनं माझी कार्डं फेकली, आज असती तर मी बंगल्यात राहिलो असतो. गुत्त्यात कुणी ही सुरुवात केली की दहा जण माना डोलवायचे. रोमन ती सगळ्यांत रंगवून सांगायचा. तळघर, पाणी, लगदा, आईचा आवाज. शेवटचं वाक्य तेवढं गाळायचा. चार वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीनंतर जेवणाच्या टेबलावरही त्यानं ती सांगितली, प्रेमानंच, आणि लोक हसता हसता डोळे पुसू लागले. बर्नीही हसली. ते हसू अजून तिच्या गालांत कुठंतरी अडकलेलं होतं, जुन्या जखमेत राहिलेल्या काचेसारखं.

त्याच्या कितीतरी आधी, एका घराच्या तळघरात, मीटरच्या नळामागं भिंतीला चिकटलेलं एक कार्ड तिला दिसलं होतं. त्याच वर्षीचं. घरमालकीण म्हणाली, "ने की, मला काय करायचंय." त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं. पुरा संच जमवायचा, रोमनच्या हातात ठेवायचा आणि सांगून टाकायचं. पण आधी पुरा व्हायला हवा. अर्धवट घेऊन कसं जायचं? आणि मग वर्षं गेली, आणि दर नाताळात भावाच्या घरी ती केक खायची, वहिनीशी गप्पा मारायची आणि मनात म्हणायची, अजून दोनशे राहिलीत, अजून नव्वद राहिलीत. आई गेली तेव्हा एकसष्ट राहिली होती. आता टेबलावर अडतीस चेहरे तिच्याकडं बघत होते, टोप्या घातलेले, दाढी केलेले, तरणेबांड, आणि यादीच्या कागदावर लिहायला काही उरलेलं नव्हतं.

तिनं फोन उचलला आणि पडूकाचा नंबर फिरवला. चिठ्ठ्यांच्या वर तो नेहमी छापलेला असायचा.

"स्कॅग्ज," तिकडून आवाज आला.

"एलवुड? मी बर्नी गापिन्स्की. मिलवॉकीहून."

तिकडं खुर्ची करकरली. मग, जपून, "बर्नीची बायको का?"

"बर्नीच."

"अरे देवा," एलवुड म्हणाला. "अरे देवा. मी तुला… तुम्हाला… बाईसाहेब, मी तुम्हाला एकदा माझ्या मूळव्याधीबद्दल लिहिलं होतं."

"दोनदा."

"लोरीन!" तो फोनपासून तोंड दूर नेऊन ओरडला. "लोरीन, बर्नी बाई आहे!" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मी केव्हाच म्हटलं होतं, अक्षर बघ त्याचं!"

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत ते," एलवुड म्हणाला.

"'तू'च म्हण रे. अकरा वर्षं म्हणतोयस. हे बघ, मी कार्डं परत पाठवतेय. इतकं मला घेता येत नाही."

"का?"

"फार आहे हे."

"यादी कुणी केली? मी केली? मग मागितलीस कशाला?"

"मिळणार नाहीत असं वाटलं होतं म्हणून," बर्नी म्हणाली, आणि आपलं तोंड काय बोलून गेलं ते ऐकत राहिली.

एलवुडनं त्यातून काही अर्थबिर्थ काढला नाही. तो बोटीवरचा माणूस होता. "माझ्याकडं सगळं दोन-दोन आहे," तो म्हणाला. "लोरीन म्हणते, हे घर आहे की नोहाचं तारू? खोकं परत आलं तर ती आधी मला पुरात सोडेल. ठेव ती. कुणासाठी जमवतेस?"

"भावासाठी."

"मग त्याला दे आणि मला फोटो पाठव. तुझासुद्धा पाठव. मी इतकी वर्षं तुला मिशा लावून बसलोय, त्या उतरवायला हव्यात." आणि तो इतका मोकळा हसला की बर्नीलाही हसू आलं, गालांतलं ते अडकलेलं नव्हे, दुसरंच, पोटातून. फोन ठेवल्यावर तिनं अडतीसही कार्डं वह्यांतल्या प्लॅस्टिकच्या खिशांच्या पानांत जागच्या जागी बसवली. मोकळा खिसा एकही राहिला नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. हे ती पुढंही प्रामाणिकपणे सांगायची. अपराधी माणसाला झोप येत नाही म्हणतात, तसं काही झालं नाही. काम ठरलेलं असलं की तिला नेहमीच झोप यायची.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साडेतीनला काम संपवून ती सरळ वेस्ट ॲलिसला रोमनच्या घरी गेली. तो ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मुकादम होता आणि शुक्रवारी लवकर सुटायचा. अंगणात तो मेपलची पानं ओढत होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण फावडं असो की पानं ओढायचं दाताळं, धरण्याची पद्धत अजून मामाच्या गोठ्यावरची. तिच्या काखेतल्या दोन जाड वह्या बघून म्हणाला, "काय गं, नोकरी सोडून आता बायबल विकतेस का?" तिनं पहिली वही त्याच्या हातात दिली. त्यानं उघडली. एक पान, दुसरं पान. मग तो पायरीवर बसलाच. "अगं वेडे," म्हणाला. "अगं, हे सगळं… हा बघ, याच्या कानांना आम्ही हसायचो. हा! याच्यासाठी मी माझा चाकू दिला होता. बर्नी, कुठून आणलंस हे?" त्याचा आवाज चौदा वर्षांच्या पोरासारखा चिरकला, आणि बर्नीला वाटलं, थांबावं. आजचा दिवस हे असंच राहू द्यावं. याच्यात वाईट काय आहे? मग तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तीच अकरा वर्षं मागतोय.

"आईनं टाकली नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"कार्डं. पाणी शिरलंच नव्हतं कधी. मी दिली. नॉर्बर्टला आणि त्या पोरांना. ते मला खेळू द्यायचे, एका पाळीला एक."

रोमननं वही मिटली नाही. बोट एका चेहऱ्यावर ठेवून तो तसाच बसला. "सगळी?"

"सगळी."

"मी आईला काय म्हणालो होतो, आठवतं तुला?"

"हो."

"सांग."

"रोमन…"

"सांग म्हणतो ना."

"म्हणालास, तुला कशाचीच किंमत नाही. म्हणूनच बाबा गेले."

त्यानं वही पायरीवर ठेवली, काच ठेवावी तशी. "तू तिच्या बाजूलाच उभी होतीस."

"होते."

"सव्वीस वर्षं ती जिवंत होती त्यानंतर. सव्वीस, बर्नी. मला एकदा सांगितलं असतंस तर मी तिची…"  तो आत गेला आणि जाळीचं दार आपटलं.

बर्नी गेली नाही. पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळानं मार्लीन, तिची वहिनी, दारात आली. "काय सांगितलंस त्याला? न्हाणीघरात नळ सोडून बसलाय." बर्नी म्हणाली, "खरं तेच." मार्लीन म्हणाली, "कॉफी आणते," आणि आणली. भिंतीतून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. बर्नीला पाण्याचा आवाज वाचता यायचा. किती तोटी उघडलीय, किती वेळ, मीटरचा काटा कुठं गेला असेल. ती ऐकत राहिली. आपल्याला हलकं वाटेल असं तिनं मानलं होतं आणि तसं वाटत नव्हतं. उलट सगळं आपापल्या वजनासकट जागेवर आल्यासारखं वाटत होतं, कार्डं पानात बसली तसं. आई का बोलली नाही? हा प्रश्न तिनं हजारदा विचारला होता आणि नेहमी स्वतःला सोयीचं उत्तर दिलं होतं. आज पहिल्यांदा तिला साधीशी गोष्ट दिसली. आईला एका क्षणात ठरवायचं होतं, दोन पोरांपैकी कुणाचा राग स्वतःवर घ्यायचा ते. तिला वाटलं असेल, पोराचा राग आठ दिवसांत जाईल. पोरगी खोटी पडली तर ते पुसलं जाणार नाही. तिचा अंदाज चुकला होता. पण तिनं पाय रोवून, डोळे न मिटता तो राग अंगावर घेतला होता. आजवर बर्नीला वाटायचं, असं उभं राहायला आपण कारखान्यामागच्या मैदानात शिकलो. तिनं कप खाली ठेवला. डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

नळ बंद झाला. रोमन बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि अंगात कोट होता. "गाडी काढ," तो म्हणाला.

"कुठं?"

"आज शुक्रवार आहे. पोला मावशी पाच वाजता झिगीच्या गुत्त्यात मासे खायला बसलेली असेल. सगळे असतील. तीस वर्षं मी तिथं ती गोष्ट सांगतोय. बारवाल्यापासून सगळ्यांना पाठ आहे. आता तू सांग."

"आजच?"

"का? अजून काही जमवायचं राहिलंय?"

 तिनं गाडी काढली. वह्या त्यानं घेतल्याही नाहीत आणि परतही दिल्या नाहीत. मार्लीननं उचलून आत नेल्या. नॅशनल रस्त्यानं जाताना तो खिडकीबाहेर बघत होता. दोन सिग्नल गेले. मग म्हणाला, "बॅटला बॉल लागायचा तरी का?"

"पहिल्या आठवड्यात नाही."

"आणि मग?"

"मग मी आले की कुंपणाजवळची पोरं आणखी मागं सरकायची."

"हरामखोर," रोमन म्हणाला. तिला की नॉर्बर्टला, ते कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

झिगीच्या गुत्त्यात गरम तेलाचा, कांद्याचा आणि राय धान्याच्या पावाचा वास भरलेला होता. टेबलं गच्च. कोपऱ्यात पोला मावशी, आईची धाकटी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, समोर ब्रँडीचा पेला आणि बटाट्याचे घावन, गळ्यात जेवणाचा रुमाल. झिगी बारमागून ओरडला, "रोमन! आज ती आईची गोष्ट नको हं, माझं नवीन गिऱ्हाईक आलंय, रडेल बिचारं!" लोक हसले. रोमन म्हणाला, "आज बर्नी सांगणार आहे." त्यानं मावशीच्या समोरची खुर्ची ओढली, स्वतः बाजूला बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. हसणारे थोडे थांबले. बर्नी बसली. तिनं सगळं सांगितलं, हळू आवाजात, मावशीच्या चेहऱ्याकडं बघत. खोकं, मैदान, एका पाळीला एक, सप्टेंबर, चूल, आणि रोमन नेहमी गाळायचा ते शेवटचं वाक्यही. ते सांगताना तिनं भावाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, सांग.

मावशी चावायची थांबली होती. तिनं कानातलं यंत्र दोनदा दाबलं, मग काढून टेबलावर ठेवलं आणि वैतागून म्हणाली, "या झिगीच्या पंख्यापुढं एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. फक्त माझ्या बहिणीचं नाव कळलं. काय म्हणतेस गं तिच्याबद्दल? मोठ्यानं बोल. आणि पहिल्यापासून."

झिगीनं पंखा बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी काटे खाली ठेवले. रोमननं आपली खुर्ची मागं सरकवली, तिला जागा करून दिली, आणि बर्नी उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

"आमच्या आईनं," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कधीही काहीही टाकलेलं नाही. ऐका."